चौथा फाऊल

शेषराव,

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. परवा तेरवी. सकाळी मोटारीचा ड्रायव्हर आमच्या शाळेच्या फाटकाशी हॉर्न वाजवत उभा राहिला आणि देऊळघाटहून तुझ्या मायनं धाडलेला निरोप त्यानं सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा सांगितला. "वामन मास्तर, शेषरावची माय म्हने, तेरवीच्या आंधी एकडाव येऊन जा. तुमाले एक गोष्ट इचारायची हाये म्हने तिले."

सातवीच्या पोरांना त्रैराशिकाची दहा उदाहरणं फळ्यावर घालून दिली आणि टेबलाशी बसून हे लिहितो आहे. पोरांना वाटतं, मास्तर परीक्षेचा पेपर काढतायत. मी जात्याच भित्रा, हे तुला ठाऊक आहे. विहिरीत डोकावताना मी दोन्ही हातांनी कठडा धरतो. परीक्षेला तीन-तीन टाक घेऊन जायचो म्हणून तू वर्गभर माझी टर उडवायचास. पण या अकरा दिवसांतली भीती त्या जातीची नाही. जेवताना येते, फळा पुसताना येते. मधल्या सुट्टीत पोरं मैदानात पळायला लागली की मी आत येऊन दार लावून घेतो.

तुझी माय काय विचारणार, ते मला कळतं. "तुले मालूम होतं काय?" एवढंच विचारणार. मला माहीत होतं, शेषराव. सहा वर्षं माहीत होतं. आणि कुणाला सांगणार नाही अशी आन तू माझ्याकडून घेतली होतीस, तीही तिच्याच गळ्याची. मी बी. ए. झालेला माणूस आहे, गणित शिकवतो. आन मोडली म्हणून कुणाच्या मायला काही होत नसतं, हे मी दहा जणांना पटवून देईन. पण तुझी माय आता एकटी आहे, तिचं वजन कडबा उचलावा तसं हलकं झालं आहे, आणि तुला पोचवून आलो त्या दिवशी ती उंबऱ्याला धरून बसली होती, ती मी पाहिली आहे. मला ती आन मोडायची हिंमत होत नाही.

ती आन कुठे घेतली होती, आठवतं ना? कॉलेजच्या पहिल्या वर्षाची दिवाळीची सुट्टी. अमरावतीहून आपण बरोबरच आलो होतो. मलकापूरपर्यंत रेल्वे आणि पुढे घाट चढणारी ती खडखडी मोटार. तू वाटेत दोनदा थांबलास, मोटारीत बसल्या बसल्या. म्हणजे तुझा श्वास थांबला. मी घाबरलो आणि तुला घरी न जाऊ देता बुलढाण्यात एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. मॅट्रिकच्या वर्षी तुला तीन आठवडे ताप आला होता, गुडघे सुजले होते, ते त्यांनी खोदून खोदून विचारलं. मग नळी छातीला लावून इतका वेळ ऐकत बसले की मला वाटलं त्यांना डुलकी लागली. शेवटी म्हणाले, "काळजाचं एक दार नीट उघडत नाही. त्या तापानं खाल्लं ते. चालायचं तेवढं चाल. धावू नकोस. धावलास तर एक दिवस बसशील आणि उठणार नाहीस."

बाहेर आलास आणि पहिली गोष्ट काय केलीस, तर पेरूवालीकडून दोन पैशांचे जांब घेतलेस. एक मला दिलास, एक स्वतः कराकरा खाल्लास. मी तोंडाला लावू शकत नव्हतो.

"खाय ना बे. तुले थोडीच काही झालं हाये."

"शेष्या, घरी सांगावं लागेल."

"सांगून काय? माय रडन, अन् मले गोठ्यातून बाहेर निघू देनार नाई." मग तू माझा हात धरून माझ्याच गळ्याला लावलास. "बोल. माह्या मायची आन, कोनाले सांगनार नाई."

मी बोललो. बोलायला नको होतं. पण सतरा वर्षांचा होतो, आणि तू इतक्या साधेपणानं मागितलंस की जणू वही मागतो आहेस.

तुला खेळ सोडायचा नव्हता. हायस्कुलात ड्रिल मास्तरांनी मैदानाच्या दोन टोकांना बास्केटबॉलची दोन कडी उभी केली, त्या दिवसापासून तुला दुसरं काही दिसतच नव्हतं. तुझी माय म्हणायची, "चौदा वर्षांचं घोडं अन् टोपल्यात चेंडू टाकून राह्यलं." कॉलेजात जिमखान्याच्या सरांनी तुझे पहिले दोन झेल पाहिले आणि सात नंबरचा बनियन तुझ्या अंगावर फेकला. मी खेळाडू नव्हतोच. मला त्यांनी घड्याळ आणि नोंदवही दिली, कारण माझं अक्षर चांगलं होतं. कोण किती मिनिटं खेळला, किती गुण केले, कुणाचे किती फाऊल झाले, हे मी लिहायचं. कुणाचा चौथा फाऊल झाला की पितळेची थाळी वाजवून उभं राहायचं. चार झाले की तो खेळाडू त्या सामन्यापुरता संपला.

डॉक्टरांकडून आल्यावर आपण दोघांनी जो उद्योग केला, त्याची मला आज सगळ्यात जास्त भीती वाटते. सुट्टी संपवून परत गेलो आणि वसतिगृहाच्या मागे, चिंचेखाली, एका सकाळी तू चेंडू घेऊन धावायला लागलास आणि मी मामांचं खिशातलं घड्याळ धरून उभा राहिलो. तू किती मिनिटं टिकतोस, ते बघायचं होतं. चार झाली, पाच झाली, सहा झाली, तू हसत होतास. सातव्या मिनिटाला तुझे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे झाले. मी घड्याळ टाकून धावलो. काच तडकली, ती अजून तशीच आहे. तू मातीत बसून धापा टाकत म्हणालास, "किती?"

"सहा."

"मंग सहा. सहा मिनिटं माही, बाकी तुही."

असा आपला करार झाला. एका बाजूला मरायला टेकलेला माणूस, दुसऱ्या बाजूला घड्याळवाला. जगात असा करार दुसऱ्या कुणी केला नसेल.

आता सरांना पटवायचं कसं? खरं सांगता येत नव्हतं. मग मी वहीतून तक्ता काढला. इतर चौघांनी चाळीस मिनिटांत केलेले गुण एका बाजूला, तुझे मिनिटाला किती पडतात ते दुसऱ्या बाजूला. सरांना म्हणालो, "सर, शेषराव हा शेवटाला वापरायचा खेळाडू आहे. समोरचे दमले की आत सोडायचा. प्रत्येक डावात शेवटची सहा मिनिटं." सरांनी तक्ता उलटासुलटा करून पाहिला आणि ते खूश झाले. इतर कॉलेजांकडे असला तक्ता नव्हता म्हणाले. मला शाबासकी मिळाली. तुझं काळीज लपवण्यासाठी काढलेला तो कागद त्यांनी जिमखान्याच्या भिंतीवर चिकटवला.

आणि तू तोच कागद वापरून माझ्याशी भांडायला लागलास. मेसमध्ये ताटावर बसलं की सुरू.

"वामन्या, तू गनिताचा ना? सहा मिनिटांत आठ गुन, तं चाळीस मिनिटांत किती?"

"माणूस त्रैराशिकात बसत नाही, शेष्या."

"हिशेब कर ना बे."

"त्रेपन्न आणि एक तृतीयांश."

"त्रेपन्न! अन् वरचं एक तृतीयांश तुले देतो, जाय. आखी टीम घरी बसवा, मी एकटा खेळतो."

सगळी मेस हसायची. मीही हसायचो, आणि हसता हसता माझी नजर तुझ्या गळ्याजवळच्या उडणाऱ्या शिरेवर जायची. हा वाद आपला कधी मिटला नाही. तू म्हणायचास, जे सहा मिनिटांत होतं ते बाराही मिनिटांत होईल. मी म्हणायचो, सातव्या मिनिटाचा आकडा आपल्याकडे नाही. तू म्हणायचास, कसा असेल, तू मला सातवं मिनिट खेळूच देत नाहीस. आज एवढंच सांगतो की तुझं गणित बरोबर होतं आणि मला त्याचीच धास्ती होती.

सामन्यांच्या दिवशी माझी काय अवस्था व्हायची, ते मी तुला कधी सांगितलं नाही. सगळं कॉलेज तुझ्या बास्केटसाठी ओरडायचं. मी मनातल्या मनात तुझ्या फाऊलसाठी देवाला हात जोडायचो. तुझे तीन झाले की सर लगेच तुला बाहेर बोलवायचे, चौथा होऊन फुकट जाऊ नये म्हणून. तीन फाऊल म्हणजे तुला बाकावर बसणं भाग, पाणी पिणं भाग, श्वास घेणं भाग. आपल्याच खेळाडूला फाऊल व्हावा म्हणून नारळ बोललेला नोंदवहीवाला साऱ्या वऱ्हाडात मी एकटाच असेन. एक नारळ फोडायचा राहिला आहे अजून.

लढाईचे दिवस होते. नवा चेंडू मिळायचा नाही. जुन्याची शिवण उसवली की चांभाराकडून टाके घालून आणायचो आणि आतला रबरी फुगा सायकलवाल्याकडून ठिगळ लावून. असा तीन ठिगळांचा चेंडू घेऊन आपण शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. तिसरं वर्ष होतं. समोर नागपूरची टीम, मैदान आपलं, आणि दुसऱ्या डावात अकरा मिनिटं उरली असताना आपण नऊ गुणांनी मागे. सरांनी तुला खूण केली.

मी उठून त्यांच्याजवळ गेलो. "सर, अजून पाच मिनिटं आहेत."

"आज तुझा तक्ता ठेव बाजूला," ते म्हणाले.

त्यांना काय माहीत. मी तोंड उघडलं असतं तर तेव्हाच संपलं असतं सगळं. आन होती. आणि खरं सांगू? आन होती म्हणून बरं वाटलं, कारण आन नसती तरी माझ्याच्यानं बोलवलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

तू आत गेलास आणि मी घड्याळाकडे पाहायला लागलो. दुसऱ्या मिनिटाला तुझा तिसरा फाऊल झाला. मी सरांकडे पाहिलं. ते जागचे हलले नाहीत. फरक सहावर आला. मग चारवर. सहावं मिनिट संपलं तेव्हा फरक तीनचा होता आणि मैदानाभोवती उभ्या लोकांनी टोप्या उडवायला सुरुवात केली होती. सातव्या मिनिटाला तू गुडघ्यांवर हात ठेवून वाकलास. लोकांना वाटलं, डाव आखतोय. आठव्याला तू माझ्याकडे पाहिलंस. तुझे ओठ मला टेबलापासून दिसत होते, शेषराव. तू हसलास.

नवव्या मिनिटाला बास्केटखाली चौघं एकमेकांवर कोसळले. शिट्टी झाली. पंचांनी बोट दाखवून "पाच" म्हटलं. पाच नंबर म्हणजे आपला रोहिणखेडचा रहीम. त्याचा तो पहिलाच फाऊल होता. माझी पेन्सिल रहीमच्या ओळीवर टेकली होती. तिथून मी ती उचलली आणि खालच्या ओळीत, तुझ्या नावापुढे, चौथी खूण केली. आणि थाळी वाजवली.

"सात नंबर, चार!"

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. पंच टेबलाशी आले. मी वही त्यांच्यासमोर धरली. ते म्हणाले, मी पाच म्हणालो असं वाटतं. मी म्हणालो, "सात म्हणालात, साहेब." त्यांनी घाम पुसला, त्या ढिगाऱ्यात तूही होतास हे आठवून मान हलवली. "वहीत आहे ते खरं," म्हणाले.

तू माती तुडवत आलास. "तीन! तीन झाले माहे! पाह्य बे नीट!"

मी पाहिलं नाही. वहीत डोकं घालून बसलो. रहीमचा हात वर गेला होता, अर्ध्यावर. त्यानं आधी तुझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हात खाली घेतला. आजतागायत तो त्याबद्दल माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. त्या दिवशी तुला खांदा देताना तो माझ्या पुढे होता. नदीवरून परतताना त्यानं माझा दंड धरला तो गाव येईपर्यंत सोडला नाही.

आपण एका गुणानं हरलो. तू बाकावर टॉवेल तोंडावर घेऊन बसला होतास आणि सगळे म्हणत होते, रडतोय बिचारा. मी तुझ्या गळ्याची शीर मोजत होतो. ती ताळ्यावर यायला आठ मिनिटं लागली. आणखी दोन मिनिटं तू आत राहिला असतास, तर काय झालं असतं? कदाचित जिंकलो असतो. कदाचित काहीच झालं नसतं. हे "कदाचित" मी चार वर्षं उशाला घेऊन झोपतो आहे.

रात्रीच्या जेवणाला तू विचारलंस, "काऊन लिहलं बे?" मी म्हणालो, "लिहिताना चुकलो असेन." तेवढंच. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. खोली एक, कंदील एक, आणि दीड महिना तू मला "जरा सरक" एवढंही म्हणाला नाहीस. मला त्या दिवसांत सुखही होतं, सांगतो. तू भिंतीकडे तोंड करून झोपायचास आणि मी तुझा श्वास ऐकत पडायचो. रागावलेला का होईना, चालू होता.

संक्रांतीला तू देऊळघाटहून थेट आमच्या वडनेरला आलास. एवढ्या लांब, सायकल मारत, वेड्या! माझ्या आईनं तुला पाट दिला. तू खिशातून कागदाची पुडी काढलीस, तिळगूळ माझ्या हातावर ठेवलास आणि म्हणालास, "गोड बोलतो. पन ते तीनच होते."

आई हसली, तिला वाटलं काही पोरकट खोडी असेल. त्यानंतर दर संक्रांतीला तू यायचास किंवा मी जायचो, तिळगूळ द्यायचास आणि तेच वाक्य. तू बुलढाण्याला मास्तर झालास, मी नांदुऱ्याला झालो, वाक्य बदललं नाही. मी दर वेळी म्हणायचो, "वहीत चार आहेत." एकदाही मला वाटलं नाही की सांगून टाकावं. कारण सांगितलं असतं तर तू हसून म्हणाला असतास, म्हणजे मी खेळू शकत होतो तर. आणि मग तुला कोण थांबवणार होतं?

कुणीच थांबवलं नाही, हे या संक्रांतीला मी डोळ्यांनी पाहिलं. तुझ्या शाळेच्या मैदानात कडूनिंबाला तू लोहाराकडून कडं करून ठोकलं होतंस. चाळीस पोरं आणि तू. तिथे नोंदवही नव्हती, थाळी नव्हती, पंच तूच. मी बांधावर बसलो आणि सवयीनं घड्याळ काढलं. सहा झाली. आठ झाली. तू मला पाहिलंस आणि लांबूनच ओरडलास, "ठेव ते खिशात! नाईतर चौथा मारशीन!"

पोरं हसली. मी घड्याळ खिशात ठेवलं.

खिशातही ते वाजतच होतं. अकरा मिनिटं खेळलास तू. मग माझ्या शेजारी येऊन बसलास, ओठ तसेच, आणि पुडी काढलीस. मी म्हणालो नाही की शेष्या, पुरे कर. मला वाटलं, पुन्हा दीड महिना अबोला धरशील. अबोल्याला भ्यालो मी. त्यानंतर अठरा दिवसांनी तू शाळेला जाताना सायकलवरून उतरलास, पुलाच्या कठड्यावर बसलास, आणि कपाशीची गाडी घेऊन येणाऱ्या माणसानं हाक मारली तेव्हा तू उठला नाहीस. धावत नव्हतास. सायकल नीट कठड्याला टेकवून ठेवली होतीस, असं तो सांगत होता.

घंटा झाली. पोरांची उदाहरणं तपासायची आहेत. उद्या देऊळघाटला जाईन. जाईन की नाही, हे लिहितानाही नक्की नाही.

*

गेलो होतो, शेषराव. आता परत येऊन बसलो आहे.

तुझी माय पडवीत वाती वळत होती. मला पाहून तिनं हातातली वात संपवली, मग पाणी दिलं. तुझी सायकल तशीच भिंतीला होती. मी तिच्याकडे पाठ करून बसलो.

"मावशी, बोलावलं होतं."

"हाव." तिनं पुन्हा कापूस हातात घेतला. मग म्हणाली, "तो सांगे मले. दर संक्रांतीले घरी येऊन सांगे. माय, वामन्या चुकला वो लिहाले, अन् कबूल नाई करत." कापसाचा पेळू मांडीवर ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. "मी तुले बारा वर्षांचा होता तवापासून पाहून राह्यली. तुह्या पाटीवर कधी खोडलेलं नसे. तू चुकनारा नाई, बाप्पा. खरं सांग. मुद्दाम लिहलं काय?"

मला वाटलं होतं तो प्रश्न हा नव्हता. पण दार तेच होतं. मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मावशी, मला बोलता येत नाही. आन आहे."

"कोनाची?"

मी मान खाली घातली. तिला कळलं. म्हणाली, "माही ना? त्याले दुसरं होतंच कोन." तिनं माझा हात ओढून घेतला, स्वतःच्या गळ्याला लावला आणि काढला. "सुटली. माही आन, मी सोडली. आता बोल."

लहानपणी आपण खेळात शपथ सोडवायचो, तशी. आणि मी बोललो. डॉक्टर, जांब, चिंचेखालची सकाळ, सहा मिनिटं, तक्ता, तुझे ओठ, रहीमचा हात, पेन्सिल. सगळं. बोलताना मी तिच्या छातीकडे पाहत होतो, वर-खाली होते आहे ना, म्हणून. मला खरंच वाटत होतं की ती आत्ता, माझ्यासमोर, बसल्या जागी आडवी होईल. तिला काही झालं नाही. ती रडलीसुद्धा नाही. एका हाताच्या बोटांवर दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवत सगळं ऐकत होती. मी गप्प झालो तेव्हा पडवीतलं ऊन खांबापर्यंत आलं होतं.

"म्हंजे त्या दिवशी तू त्याले वाचवलं," ती म्हणाली.

मला वाटलं, संपलं. मला मोकळं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात तिनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखर समजून घ्यायचं असतं, तसं विचारलं.

"मंग एकच खेप काऊन काढलं रे त्याले?"

ती वाट पाहत राहिली. मग तिनं पेळू उचलला आणि दुसरी वात वळायला घेतली. मी तिच्याजवळ बसून राहिलो. थोड्या वेळानं तिनं कापूस माझ्याही पुढे सरकवला. मी वळल्या त्या वाती जाड झाल्या, तिनं त्या तशाच ठेवून घेतल्या. निघताना म्हणाली, "तेरवीले लवकर येजो."

घरी येऊन ती जुनी वही काढली. तुझ्या नावापुढच्या चार खुणा पाहिल्या. तीन खुणा हलक्या हाताच्या आहेत. चौथी इतकी दाबून काढलेली की मागच्या पानावर उमटली आहे. कुणालाही दिसली असती. तुलाही दिसली असती, तू एकदा तरी ही वही माझ्या हातून हिसकावून घेतली असतीस तर. तू तेवढं केलं नाहीस. भांडलास, पण वही मागितली नाहीस. का, हेही मला आता कळणार नाही, आणि त्याचीही मला भीती वाटते.

उद्या तेरवीला मी लवकर जाईन. आन सुटली आहे, म्हणून आधी तुला सांगतो.

तुझं बरोबर होतं. ते तीनच होते.